धनी, मालक, नियोक्ता



चांद्यात इतिहासावर व्याख्यान आहे असे कानावर आले म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे गोंड राजांचा परकोट उभा राहतो, राणी हिराईने बांधविलेली बीरशहाची समाधी दिसू लागते, आणि १८५८ साली फासावर चढलेल्या बाबूराव शेडमाक्यांची आठवण होते. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, त्याला परकोट नाही आणि तलवारही नाही. दुकानाच्या गल्ल्याशेजारी लोंबणारे हजेरीपत्रक, गिरणीच्या भिंतीवर चिकटवलेला पगाराचा तक्ता, तेंदूपानांच्या फळीवरील मुनशीची वही, एवढीच या इतिहासाची साधने. पण या जिल्ह्यातील हजारो घरांत संध्याकाळी चूल पेटली की नाही, हे ज्या गोष्टीवर ठरत आले, ती गोष्ट याच कागदांत लिहिलेली आहे. तेव्हा विषय रुक्ष असला तरी क्षुद्र नाही, एवढे आरंभीच मान्य करावे.

प्रश्न साधा आहे. ज्याच्या हाताखाली चार माणसे राबतात त्याने सरकारचे कायदे पाळावेत हे खरे. पण ते कायदे दर पाचदहा वर्षांनी बदलत असतील, किंबहुना सरकारच बदलत असेल, तर त्याने करावे काय? चांद्याच्या मालकाइतकी या प्रश्नाची चव महाराष्ट्रात फार थोड्यांनी चाखली असेल. एका माणसाच्या हयातीत त्याचे दुकान जागचे हलले नाही, पण ते मध्यप्रांत-वऱ्हाडात होते, मग मध्यप्रदेशात गेले, मग द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि अखेर महाराष्ट्रात आले. प्रत्येक राज्याची पोथी वेगळी, नमुने वेगळे आणि तपासनीसही वेगळा.

आपल्या भाषेत या नात्यासाठी तीन शब्द आहेत, आणि त्या तिन्हींत या विषयाचा सारा इतिहास साठलेला आहे. पहिला शब्द धनी, दुसरा मालक आणि तिसरा, सरकारी मराठीने रूढ केलेला, नियोक्ता. या तीन पायऱ्यांनीच आपण वर चढू.

धन्याचा काळ

विदर्भात पुष्कळ ठिकाणी पाडव्याला सालदाराचे साल बांधण्याची चाल आहे. साल म्हणजे वर्षभराची चाकरी. धान्य किती, रोकड किती, कपडालत्ता काय, हे चार माणसांदेखत बोलायचे, आणि बोलले ते वर्षभर चालायचे. या व्यवहाराला कागद नव्हता, पण साक्ष होती. धनी आजाऱ्याला औषधपाणी देई, सालदाराच्या लेकीच्या लग्नाला उचल देई. आणि त्याच उचलीच्या दोरीने त्याला पुढच्या सालाला बांधूनही ठेवी. ममता आणि बंधन अशी एकाच गाठीत होती, म्हणून ती गाठ सुटायला अवघड होती.

पूर्वेकडील जमीनदारी मुलखात, अहेरी आणि इतर जमीनदाऱ्यांत, बेगार हा नित्याचा शिरस्ता होता. जमीनदाराच्या, पाटलाच्या, दौऱ्यावर आलेल्या साहेबाच्या ओझ्याला माणूस द्यायचा तो गावाने. राखीव जंगलांच्या काठी वसविलेल्या वनग्रामांत तर जमीन कसायला मिळे ती जंगलखात्याच्या कामाला हजर राहण्याच्या अटीवर. तेथे खातेच धनी होते. मध्यप्रदेशच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी आणि जमीनदारी गेली, आणि ३१ मार्च १९५१ पासून त्याचा अंमल सुरू झाला. भारताच्या घटनेने बेगारीला अगोदरच मनाई केली होती. उचलीच्या दोरीवर मात्र नेमका घाव बसला तो १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने. धन्याचा काळ असा कागदावर संपायला बरीच वर्षे लागली, आणि मनातून तो अजून सगळा गेला आहे असे कोणी म्हणू नये.

पहिला मोठा मालक : सरकार

आता दुसरा शब्द. मजुरी मोजून देणारा, भोंग्यावर माणसे आत घेणारा आणि भोंग्यावर बाहेर सोडणारा मालक चांदा जिल्ह्यात प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसला तो वरोऱ्याच्या कोळशाच्या खाणीवर. ही खाण १८७१ पासून १९०६ पर्यंत चालली, आणि ती चालविणारे दुसरे तिसरे कोणी नसून खुद्द सरकार होते. म्हणजे कायदा करणारा आणि कायदा ज्याला लागू व्हावा तो, दोघे एकच. हिंदुस्थानचा पहिला खाणकायदा १९०१ साली झाला. वरोऱ्याची खाण तोवर तीस वर्षे चालून मावळतीला लागली होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पुढे बल्लारपूर, घुग्गुस, माजरी या भागांत खाणी निघाल्या आणि १९२३ च्या खाणकायद्याने त्यांना पहिले ठळक बंधन घातले. आठवड्याला जमिनीवर ६० तास, जमिनीखाली ५४ तास. तेरा वर्षांखालील मुलांना मज्जाव. त्याच वर्षीच्या कायद्याने अपघाताच्या भरपाईचीही सोय केली, आणि १ जुलै १९२४ पासून ती अमलात आली. तोवर खाणीत दबून मेलेल्या माणसाच्या घरच्यांना काही द्यायचे की नाही हे मालकाच्या मर्जीवर होते. आता ते गणिताने ठरू लागले.

खाणींतील स्त्रियांची कहाणी मात्र सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण कायदा पुढे जातो, मागे येतो आणि पुन्हा पुढे जातो, याचे तिच्याइतके स्पष्ट उदाहरण नाही. १९२९ च्या नियमांनी स्त्रियांना भुयारातील कामावरून हळूहळू कमी करण्याचे ठरले आणि १९३७ पर्यंत ती बंदी पुरी झाली. कंत्राटदारांनी नवराबायकोची जोडी कामावर घेण्याची पद्धत सोडली, आणि घरची अर्धी मजुरी गेली. मग दुसरे महायुद्ध आले, कोळशाला मागणी आली, मजूर लष्करी कामांवर निघून गेले. १९४३ साली मध्यप्रांतासह काही प्रांतांत बंदी उठविण्यात आली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. मध्यवर्ती विधिमंडळात यावर कडक टीका झाली. हा उपाय युद्धापुरताच आहे आणि समान कामाला स्त्रीपुरुषांना समान मजुरी द्यावयाची आहे, अशी भूमिका त्यांनी मांडली. फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. सतरा वर्षांत खाणमालकाला एकाच विषयावर तीन उलटसुलट हुकूम पाळावे लागले. पण ओझे खरे कोणी वाहिले, तर एकदा घरी बसविलेल्या, मग बोलावलेल्या आणि पुन्हा घरी बसविलेल्या बायांनी.

आकड्यांचा इतिहास

कारखाना म्हणजे काय? सामान्य माणूस म्हणेल, चिमणी दिसली की कारखाना. कायदा म्हणतो, माणसे मोजा. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी ॲक्टाने शंभर माणसे आणि यंत्रशक्ती असेल त्यालाच कारखाना म्हटले. १८९१ साली शंभराचे पन्नास झाले, १९२२ साली पन्नासाचे वीस झाले आणि १९४८ च्या कायद्याने यंत्रशक्ती असेल तर दहा, नसेल तर वीस असा आकडा ठरविला. साठसत्तर वर्षे हा आकडा सारखा खाली येत होता. प्रत्येक वेळी जे मालक काल कायद्याबाहेर होते, ते आज उठून आत आले.

चांदा, भंडारा, नागपूर या बाजूला एक मोठी अडचण होती. इथला मोठा धंदा विडीचा, आणि विडीला यंत्र लागत नाही. सूप, कात्री, पाने, तंबाखू आणि दहा बोटे, एवढीच त्याची यंत्रसामग्री. मोठ्या शेडमध्ये दोनशे माणसे मांडीवर सूप घेऊन बसली तरी यंत्रशक्तीच्या व्याख्येत ती जागा बसेना. ही फट बुजविण्यासाठी मध्यप्रांताच्या विधिमंडळाने १९३७ साली ‘अनियंत्रित कारखान्यांचा कायदा’ केला. विडी, लाख आणि कातडी कमाविणे या तीन धंद्यांत पन्नास अगर जास्त माणसे जिथे राबतात, त्या जागांना तो लागू झाला. प्रसूतीच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदाही या प्रांताने १९३० सालीच, मुंबई इलाख्याच्या पाठोपाठ, केलेला होता. मध्यप्रांत मागासलेला प्रांत असे आपण सहज म्हणून जातो. या बाबतींत तो पहिल्या रांगेत होता.

सरकारच्या हातून अतिरेकही घडला. १९४८ साली मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या विधिमंडळाने असा कायदा केला की, शेतीच्या हंगामात डेप्युटी कमिशनरने ठरविलेल्या गावांत कोणीही विडी वळू नये. हेतू हा की शेतीला मजूर मिळावेत. सागर जिल्ह्यातील एक विडीमालक आणि एक विडीकामगार, दोघे मिळून सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर १९५० मध्ये न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरविला. जी माणसे शेतात कधीच जाणार नव्हती, अपंग, म्हातारी, त्यांचीही भाकर हा कायदा काढून घेत होता, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. मालक आणि मजूर एकाच बाजूला उभे राहून सरकारशी भांडले, असे प्रसंग विरळा. हा प्रसंग दोघांनीही लक्षात ठेवण्यासारखा आहे.

वर्धा नदीचा अल्याड आणि पल्याड

१ नोव्हेंबर १९५६ या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात आले. त्या रात्री चांद्याच्या दुकानदाराने काय केले असेल? काही नाही. त्याने फळ्या लावल्या आणि तो झोपला. राज्यपुनर्रचनेच्या कायद्यातील ११९ व्या कलमाने असे सांगून ठेवले होते की, मुलूख एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला म्हणून तेथला कायदा आपोआप बदलत नाही; नवे विधिमंडळ तो बदलीपर्यंत जुनाच चालू राहतो. म्हणजे सरकार मुंबईचे, पण दुकानावर कायदा १९४७ चा मध्यप्रांत-वऱ्हाडाचा. मालक-मजूर तंट्यांचाही तसाच, १९४७ चा, त्याच प्रांताचा.

आणि गंमत इथेच संपत नाही. वर्धा नदीपलीकडचा राजुरा तालुका हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्याचा. तो १९५६ साली मुंबई राज्यात आला, प्रथम नांदेड जिल्ह्याला जोडला गेला, आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यात आला. आता पाहा. एका व्यापाऱ्याचे एक दुकान बल्लारपूरला आणि दुसरे राजुऱ्याला आहे, असे धरून चला. जिल्हा एक, कलेक्टर एक, मालक एक. पण अल्याडच्या नोकराची सुट्टी मध्यप्रांताच्या कायद्याने मोजायची आणि पल्याडच्या नोकराची हैदराबादच्या १९५१ च्या कायद्याने. नावेतून उतरले की कायदा बदले. उरलेल्या पश्चिम महाराष्ट्रात मुंबईचा १९४८ चा कायदा होता तो निराळाच.

हा गुंता हळूहळू उकलला. दुकाने आणि संस्था यांचा मुंबईचा कायदा १९६१ साली विदर्भाला आणि मराठवाड्याला लागू करण्यात आला. कारखान्यांचे, किमान वेतनाचे आणि वेतन देण्याचे महाराष्ट्राचे एकसारखे नियम १९६३ साली आले, आणि त्यांबरोबर नमुने, रजिस्टरे, तक्ते सगळे बदलले. औद्योगिक संबंधांचा मुंबईचा १९४६ चा कायदा विदर्भात यायला १९६५ साल उजाडले आणि तेव्हा कोठे मध्यप्रांताचा तंट्यांचा कायदा रद्द झाला. राज्य बदलल्यापासून कायदा बदलेपर्यंत नऊ वर्षे गेली.

या नऊ वर्षांत लहान मालकाची जी ओढाताण झाली असेल, तिला कोणी हसू नये. गॅझेट इंग्रजीत. ते मुंबईहून नागपुरास यायचे आणि नागपुराहून चांद्यास. सिरोंच्याच्या किंवा एटापल्लीच्या व्यापाऱ्याला पावसाळ्यात नदीनाले भरले म्हणजे टपालही मिळणे कठीण. त्याला गॅझेट कोण वाचून दाखविणार? कायद्याचे अज्ञान ही सबब नव्हे, हे तत्त्व न्यायासनावर शोभते खरे; पण ज्याला अज्ञान दूर करण्याचे साधनच दिले नाही, त्याच्या तोंडावर ते फेकताना राज्यकर्त्यांनी थोडे अडखळावे. मोठ्या गिरणीच्या पदरी वकील असतो, मजूर-अधिकारी असतो. लहान मालकाच्या पदरी त्याचा मुनीम, आणि मुनिमाच्या पदरी गेल्या वर्षीची वही. १९६४ साली महाराष्ट्राने मराठीला राजभाषेचा मान देणारा कायदा केला. त्याचा खरा उपयोग काव्यशास्त्रविनोदापेक्षा इथे, या वहीपाशी व्हायला हवा होता.

विडी : कायदा पुढे आणि मालक पुढे

परंतु ज्याला कायदा कळत नाही असा मालक एक, आणि ज्याला तो फार चांगला कळतो असा मालक दुसरा. या दुसऱ्याची हकीकत विडीच्या धंद्यात पाहावी.

विडीचा कारखानदार स्वतः कामगार नेमीत नसे. तो पाने आणि तंबाखू सट्टेदाराला देई. सट्टेदार ती घरोघर वाटी. बाया-मुले विड्या वळीत. सट्टेदार हजारी दराने मोजून घेई, खराब म्हणून छाट बाजूला काढी आणि माल कारखानदाराला पोचवी. छाटीच्या विड्यांची मजुरी मिळत नसे, पण छाट विकली मात्र जाई. या बाईचा मालक कोण? कारखानदार म्हणे, मी तिला ओळखत नाही. सट्टेदार म्हणे, मी स्वतःच गरीब माणूस, माल मी विकत नाही. तिने कोणाच्या दारात उभे राहावे?

न्यायालयांपुढे हा प्रश्न पुन्हापुन्हा आला आणि उत्तरे निरनिराळी निघाली. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने सागरच्या एका खटल्यात ठरविले की, सट्टेदार हे कारखान्याचे कामगार नव्हेत, ते स्वतंत्र कंत्राटदार आहेत. डिसेंबर १९६० मध्ये नागपूरच्या एका विडीकारखान्याचा निकाल झाला. तेथे कामगार कारखान्यात येऊन बसत, त्यांच्या येण्याच्या वेळेवर नियंत्रण होते, खराब विडी परत दिली जाई. न्यायालय म्हणाले, मजुरी नगावर असली तरी हे कामगारच आहेत आणि त्यांना भरपगारी रजा मिळाली पाहिजे. पुढे वर्षही पुरते भरले नाही, तोच ऑक्टोबर १९६१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील सिन्नरच्या कारखान्याचा निकाल बहुमताने उलट लागला. तेथे यावे केव्हा, जावे केव्हा, न कळविता गैरहजर राहावे की नाही, हे माणसाच्या मर्जीवर आहे, सबब तो कायद्याच्या अर्थाने कामगार नाही. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी भिन्न मत नोंदविले. पण निकाल बहुमताचा.

नागपूर आणि सिन्नर. विडी एकच, मजूर मराठीच बोलणारा, कायदा १९४८ चाच. फरक एवढाच की एका ठिकाणी मालकाने हजेरी घेतली आणि दुसऱ्या ठिकाणी घेतली नाही. यातून धोरणी मालकाने काय धडा घ्यावा? हजेरी घेऊ नये, शेड बंद करावी, माल घरोघर पाठवावा. जो मालक व्यवस्थित राहिला तो कायद्यात सापडला, आणि ज्याने सगळे विस्कटून टाकले तो मोकळा राहिला. आणि एखाद्या राज्याने कडक कायदा केलाच, तर धंदा उचलून शेजारच्या राज्यात न्यावा. विडीला यंत्र लागत नाही, म्हणून तिला बिऱ्हाड हलवायला एक बैलगाडी पुरते. मद्रास सरकारने १९५८ साली विडीकामगारांसाठी कायदा केला, तेव्हा हाच अनुभव आला.

म्हणून १९६६ साली संसदेनेच विडी आणि सिगार कामगारांचा कायदा केला. त्याने परवाना सक्तीचा केला, छाटीच्या मनमानीला आळा घातला आणि घरी बसून विडी वळणारी बाईदेखील कामगार आहे, माल सट्टेदारामार्फत आला तरी जबाबदारी मूळ मालकाची आहे, असे स्पष्ट लिहिले. मालकांनी त्याला आव्हान दिले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा मान्य केला. पुढे घरी काम करणाऱ्यांना भविष्यनिर्वाह निधीही लागू आहे, असा निकाल १९८५ च्या सुमारास झाला. व्याख्या लपत होती, कायदा तिला शोधीत होता. या शोधाशोधीला १९३७ पासून जवळजवळ पन्नास वर्षे लागली.

कायदे सारखे बदलतात म्हणून त्रासलेल्या मालकांना मी आदरपूर्वक सांगेन की, या बदलांपैकी निम्मे तरी सरकारच्या लहरीने झालेले नाहीत. ते मालकांपैकीच काहींनी काढलेल्या पळवाटा बुजविण्यासाठी झाले. प्रामाणिक मालक आज जे जास्तीचे रजिस्टर भरतो, ते काल कोणा अप्रामाणिकाने न भरलेल्या रजिस्टराचे व्याज आहे.

रानातला नवा नियोक्ता

आता तिसरा शब्द, नियोक्ता. हा शब्द कोरडा आहे, त्यात ममता नाही. पण त्यात धनीपणाची घमेंडही नाही. जो काम देतो आणि मजुरी देण्यास बांधलेला आहे, तो नियोक्ता. मग तो शेठ असो, खाते असो, की सहकारी संस्था. १९७३ साली कोळशाच्या खाणी राष्ट्राच्या झाल्या आणि मजूर त्याच भुयारात राहून मालक मात्र बदलला. रोजगार हमीने तर महाराष्ट्र सरकारलाच गावोगावचा नियोक्ता केले. १९७७ चा तो कायदा देशाला वळण लावणारा ठरला.

पण या शब्दाची खरी कसोटी लागली ती गडचिरोलीत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. तेंदूपानांचा व्यापार १९६९ च्या कायद्याने राज्याच्या नियंत्रणात होता, बांबू खात्याच्या हातात होता, आणि आदिवासी माणूस शेकडा पुडक्यांमागे मजुरी घेणारा हंगामी मजूर होता. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी हे चित्र पालटण्याची वाट उघडली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली आपल्या जंगलावरील सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. पुढे राज्याचे पेसा नियम २०१४ साली आले आणि गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा तेंदू व बांबू यांचे लिलाव स्वतः करू लागल्या.

ज्या गावाने ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ अशी घोषणा दिली होती, ते गाव आता आपल्याच माणसांचे नियोक्ताही झाले. बांबू तोडणारा ग्रामसभेचा सभासद, म्हणजे मालकही तोच आणि मजूरही तोच. पण हजेरी ठेवावी लागते, बँकेत खाते उघडावे लागते, व्यापाऱ्याशी करार लिहावा लागतो, कराचा नंबर घ्यावा लागतो, हिशेब तपासून घ्यावा लागतो. काल ज्याचा अंगठा मुनशीच्या वहीत उमटत होता, तो आज वही लिहू लागला. या घटनेचे मोल पैशात करता येणार नाही. त्याचबरोबर मोह आणि धोका हेही ओघानेच आले. व्यापाऱ्याने रक्कम थकविली तर मजुरी कोण देणार? ग्रामसभा म्हणते व्यापारी, व्यापारी म्हणतो ग्रामसभा. आणि आपण पुन्हा सट्टेदाराच्या दारात येऊन उभे राहतो. तो जुना प्रश्न, या बाईचा मालक कोण, नव्या रानातही विचारावाच लागेल. तो ग्रामसभेने स्वतःला विचारला तरच तिचे स्वराज्य खरे.

आकडा पुन्हा वर

शेवटी अगदी अलीकडचे. महाराष्ट्राने २०१७ साली दुकानांचा नवा कायदा केला आणि दहाहून कमी माणसे असलेल्यांना नोंदणीऐवजी केवळ सूचना देण्याची सवलत ठेवली. केंद्राने २०१९ आणि २०२० साली २९ जुने कायदे एकवटून चार संहिता केल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अमलात आल्या. १९६६ चा विडीकायदाही त्यांत विरून गेला. आणि कारखान्याच्या व्याख्येतील आकडा, जो १८८१ पासून खालीखाली येत होता, तो वर गेला : यंत्रशक्ती असेल तर दहाचे वीस, नसेल तर विसाचे चाळीस.

मूलच्या एखाद्या भातगिरणीत पंधरा माणसे आहेत असे समजा. १९४८ च्या कायद्याने ती कारखाना होती; नव्या व्याख्येत ती कारखाना राहिली नाही. गिरणीवाल्याने यावरून आपण कायद्यातून सुटलो असे समजावे काय? मुळीच नाही. वेतनसंहितेला असा आकडाच नाही. एक माणूस कामावर असला तरी किमान वेतन द्यावेच लागते. कारखाना नसला तरी नियोक्ता तो आहेच. आकडा खाली आणण्यात दुबळ्यांचे रक्षण होते, आकडा वर नेण्यात लहान उद्योजकाला मोकळीक आहे, असे दोन्ही पक्ष आहेत. यांपैकी कोणता खरा ठरेल, ते आपल्यासारख्या लहान धंद्यांच्या जिल्ह्यांतच दिसून येईल. कारण मोठमोठ्या गिरण्यांच्या शहरात दहा काय आणि वीस काय, सारखेच. आमच्याकडे या दोन आकड्यांच्या मध्ये कितीतरी संसार आहेत.

या सगळ्या इतिहासातून मालकवर्गाने, व त्यात आता ग्रामसभाही आल्या, दोन गोष्टी घ्याव्यात. कायदा पुन्हा बदलणार आहे, हे गृहीत धरावे. किमान वेतनाची फेरतपासणी साधारण पाच वर्षांनी व्हावी असे कायद्यातच आहे, आणि महाराष्ट्रात विशेष भत्ता सहामाहीला बदलत आला आहे. तेव्हा गेल्या वर्षीच्या वहीवर भरवसा ठेवू नये. दुसरी गोष्ट, हजेरी आणि पगार लिहून ठेवावा, आणि जे लिहिले ते खरे असावे. राज्य बदलले, जिल्हा बदलला, रजिस्टराचा नमुना बदलला, तरी कोणी किती राबले आणि त्याला किती मिळाले, हे प्रत्येक कायद्याने विचारले. त्याचे उत्तर ज्याच्यापाशी तयार होते, त्याला कोणत्याही तपासनिसाचे भय वाटले नाही.

राज्यकर्त्यांकडूनही दोन अपेक्षा. नियम मराठीत, सोप्या मराठीत, आणि अंमल सुरू होण्याच्या पुरेसे अगोदर भामरागडपर्यंत पोचले पाहिजेत. इकडे गोंडी आणि माडिया बोलणाऱ्या ग्रामसभाच नियोक्ता आहेत. त्यांच्या भाषेत कोणी तोंडी समजावून सांगणारा असेल तर आणखी चांगले. आणि जुना कायदा काढताना त्याने कोणाचे रक्षण केले होते, याची आठवण नव्या कायद्यात शिल्लक राहावी. १९६६ च्या कायद्यातील घरी विडी वळणारी बाई नव्या संहितेच्या कोणत्या कलमात बसते, हे तिला स्वतःला शोधता येणार नाही. ते काम आपले, म्हणजे शिकलेल्यांचे आहे.

धनी गेला, मालक बदलला, नियोक्ता आला. राबणारा मात्र तोच आहे. त्याच्या कामाची नोंद प्रामाणिकपणे ठेवणे, एवढे एकच काम आजवरच्या साऱ्या कायद्यांत समान आहे, आणि ते करायला कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.